शहामृगांच्या मुलखात

शेताच्या फाटकापाशी पोहोचताच माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी पहिले काम केले ते हे, की कुंपणाला टेकवून ठेवलेल्या दोन काटेरी फांद्यांपैकी जी लांब होती ती त्यांनी माझ्या हाती दिली, आखूड होती ती स्वतःकडे ठेवली, आणि आपल्या भाषेत मोजके शब्द उच्चारले, ज्यांचा अर्थ त्यांच्या मुलाने मला सांगितला तो असा, की नराने अंगावर चाल केली तर ही फांदी त्याच्या तोंडासमोर उंच धरायची आणि त्याला पाठ म्हणून दाखवायची नाही. शहामृग सर्वांत अधिक जपतो ते आपल्या डोळ्यांना, आणि काटे दिसताच तो थबकतो. हातात फांदी नसेल आणि पळायला जागाही नसेल, तर जमिनीवर पालथे पडून मानेवर हात ठेवून निश्चल राहावे, कारण या पक्ष्याची लाथ पुढे आणि वरून खाली बसते. सपाट पडलेल्या माणसाला तो तुडवील, परंतु उभ्या माणसाचे पोट जसे नखाने फाडतो तसे फाडू शकणार नाही. आदल्या संध्याकाळी त्यांच्या घराच्या उंबऱ्यातून मी आत आले तेव्हापासून आम्हा दोघांत झालेले हे पहिले संभाषण होय.

मी मूळची चाळीसगावची. नोकरीनिमित्त दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला आले, आणि तेथे ज्याच्याबरोबर संसार मांडण्याचे ठरविले त्याचे माहेरघर म्हणावे असे गाव आउट्सहूर्न. केपटाउनहून मॉन्टेग्यू, बॅरीडेल, लेडीस्मिथ, कॅलिट्झडॉर्प अशी लहान लहान गावे ओलांडीत सुमारे सव्वाचारशे किलोमीटर गेले म्हणजे ते लागते. उत्तरेस स्वार्टबर्ग, म्हणजे काळा पर्वत, दक्षिणेस आउटेनिकवाची रांग, आणि या दोहोंच्या मधली लांबट, तांबूस, तहानलेली पट्टी म्हणजे क्लेन कारू, अर्थात छोटा कारू. समुद्राकडून येणारे ढग आउटेनिकवा आपल्या माथ्यावरच रिते करून घेतो, आणि पलीकडच्या या मुलखाच्या वाट्याला उरलेसुरले चार शिंतोडे येतात. सह्याद्रीच्या पाठीशी वाढलेल्या माणसाला ही तऱ्हा समजावून सांगावी लागत नाही. माती, झुडपे, कोरडे ओढे आणि दुपारच्या उन्हात थरथरणारे क्षितिज पाहून मला आमच्याकडच्या चैत्राची आठवण झाली. नवल वाटले ते एवढ्याचेच, की तारेच्या कुंपणापलीकडे गुरांऐवजी उंच मानेचे, दोन पायांवर चालणारे कळप चरत होते.

माझ्या जोडीदाराचे घराणे येथील मिश्रवर्णीय समाजातले. खोई आणि सान हे मूळ रहिवासी, युरोपीय वसाहतवाले, आणि डच कंपनीने बंगाल, मलबार, मलाया व जावा बेटांतून धरून आणलेले गुलाम, या सर्वांच्या रक्तातून हा समाज घडला, मातृभाषा आफ्रिकान्स. १९५० साली झालेल्या दोन कायद्यांनी सरकारी दप्तरात प्रत्येक माणसाचा वंश नोंदविला गेला आणि त्या नोंदीप्रमाणे त्याने कोणत्या वस्तीत राहावे हेही ठरले. ते कायदे १९९१ साली रद्द झाले. माझ्या सासऱ्यांची नोंद एका रकान्यात होती. मी तेथे जन्मले असते तर माझी दुसऱ्या रकान्यात झाली असती. ब्रिज्टन नावाच्या ज्या वस्तीत त्यांचे घर आहे ती याच हुकुमांच्या काळात वाढली. घर तीन खोल्यांचे, पुढे सिमेंटची ओसरी, ओसरीवर दोन खुर्च्या, आणि त्यांतल्या एका खुर्चीवर, आम्ही उतरलो तेव्हा, आपली टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेले ते.

त्या घरात बोलण्याची जी रीत आहे तिने मला पहिल्या घटकेतच आधार दिला. आफ्रिकान्समध्ये वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर ‘तू’ म्हणत नाहीत, आणि ‘तुम्ही’ म्हणूनही समाधान मानीत नाहीत. त्याच्याशी बोलताना नात्याचा शब्दच पुन्हा पुन्हा योजतात. ‘पांना कॉफी हवी का? पांची टोपी कोठे ठेवू?’ असे मुलगा बापाला समोरासमोर विचारतो. परक्या वडील माणसाला ‘ऊम’ म्हणजे काका, आणि बाईला ‘तानी’ म्हणजे मावशी म्हणावयाचे. आमच्या आजोळी ‘आबांनी जेवून घ्यावे’ असे आबांनाच उद्देशून म्हटलेले मी ऐकले होते. तेव्हा ‘ऊम’ आणि ‘तानी’ हे दोन शब्द हाती येताच, पुढचे व्याकरण कितीही चुकले तरी, अदब सांभाळण्याची सोय झाली.

ऊम एका मोठ्या शहामृगपालन शेतावर मुकादम आहेत, आणि सोळाव्या वर्षी रोजंदारीवर लागल्यापासून आजवर त्यांनी शहामृगांखेरीज दुसरे काम केलेले नाही. घरी ते फार बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी शनिवारी पिसे कापण्याचे काम होते, आणि मालकांची परवानगी काढून त्यांनी आम्हा दोघांना बरोबर नेले, तेव्हा त्यांच्या अबोलपणाचे कारण मला उमगले. ज्या गोष्टीविषयी त्यांना बोलावयाचे असते ती गोष्ट त्यांना समोर लागते.

शहामृग हा पृथ्वीवरचा सर्वांत मोठा पक्षी. पूर्ण वाढलेला नर अडीच मीटरांहून उंच भरतो, वजन शंभर ते दीडशे किलो, आणि धावू लागला म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरांचा वेग गाठतो. प्रत्येक पायाला बोटे दोनच; त्यांपैकी थोरल्या बोटावर जे नख असते ते खुरासारखे जाड. डोळा पाच सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे त्याच्या मेंदूहून मोठा. दात नसल्यामुळे खडे गिळून त्यांच्याकडून पोटात चाऱ्याचे दळण करवून घेण्याची त्याची पद्धत आहे. आपल्या भाषेत त्याचे नाव फारसीतून आले: ‘शुतुर’ म्हणजे उंट आणि ‘मुर्ग’ म्हणजे पक्षी. लांब मान, दोन बोटांचे पाय आणि वाळवंटातली वस्ती पाहून इराण्यांना जे सुचले तेच लॅटिन नाव ठेवणाऱ्या शास्त्रज्ञांनाही सुचले, आणि त्यांनीही त्याच्या शास्त्रीय नावात उंटाला स्थान दिले. मराठी जिभेने मात्र त्या शुतुरमुर्गाला शहा केले आणि मृगही केले. आणि दुरून, मान उंचावून पळताना त्याला पाहिले तेव्हा या चुकीत काही सत्य आहे असे मला मनापासून वाटले.

संकट आले की हा पक्षी वाळूत डोके खुपसतो, ही समजूत फार जुनी आहे. प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने तर तो झुडपात मान खुपसून आपण लपलो असे मानतो, असे लिहून ठेवले. मी ऊमना त्याविषयी विचारले. त्यांनी उत्तर न देता कुंपणापलीकडे बोट केले. एक करड्या रंगाची मादी जमिनीवर बसली होती. आमची चाहूल लागताच तिने आपली लांब मान जमिनीसरशी पसरली, आणि पाहता पाहता तेथे पक्षी नाहीसा होऊन मातीचा एक उंचवटा उरला. घरटे म्हणजे नराने जमिनीत उकरलेला खळगा. त्यातली अंडी उलटीपालटी करण्यासाठीही मान खाली घालावीच लागते. दिवसा मादी बसते, कारण तिचा करडा रंग मातीत मिसळतो, आणि रात्री काळा नर बसतो, कारण तो अंधारात मिसळतो. रानात एकाच खळग्यात अनेक माद्या अंडी घालतात, आणि त्यांतली थोरली मादी आपली अंडी ओळखून ती मध्यभागी सरकविते व इतरांची कडेला ठेवते, जेणेकरून कोल्ह्यातरसाने घाला घातला तर आधी कडेची जावीत. हे ऐकताना मला आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतल्या कितीतरी कहाण्या आठवल्या.

शेतावर अंड्यांचा हा संसार पक्ष्यांकडे ठेवीत नाहीत. एकेक अंडे सुमारे दीड किलोचे, कोंबडीच्या दोन डझन अंड्यांच्या तोलाचे, आणि कवच इतके जाड की ऊमनी मला हाताला धरून त्यावर उभे केले तरी ते फुटले नाही. अंडी गोळा करून उबवणीच्या यंत्रात बेचाळीस दिवस ठेवतात. हे यंत्र म्हणजेच या साऱ्या व्यवसायाची खरी नांदी होय. शहामृगांची शिकार पूर्वापार चालत होती, आणि १८६० नंतर काही शेतकऱ्यांनी त्यांना कुंपणात ठेवूनही पाहिले होते. परंतु १८६९ साली ग्रॅहम्सटाउनजवळच्या आर्थर डग्लस या शेतकऱ्याने उबवणीचे यंत्र साधले, तेव्हापासून शहामृग हा रानातला पक्षी न राहता शेतातला जिन्नस झाला. दुसरा आधार मिळाला तो एका गवताचा. ल्यूसर्न, ज्याला आपण लसूणघास म्हणतो आणि खानदेशात दुभत्या जनावरांसाठी लावतो, तेच गवत कारूच्या नदीकाठच्या पाटाच्या पाण्यावर जोमाने वाढले, आणि शहामृगांना ते मानवले. त्या तांबड्या उजाड मुलखात मधूनच हिरवागार लसूणघासाचा पट्टा दिसला की डोळे निवतात.

आता ज्या कामासाठी आम्ही गेलो होतो ते. दोघा गड्यांनी लांब काठीच्या टोकाला बसविलेल्या आकड्याने एका नराची मान हलकेच अडकवून खाली ओढली, ऊमनी आपल्या मनगटावर चढवून ठेवलेली कापडाची नळी क्षणात त्याच्या चोचीवरून डोक्यावर सरकविली, आणि जो प्राणी क्षणभरापूर्वी तिघांना ओढीत होता तो डोळे झाकताच उभ्या जागी शांत झाला. मग त्याला त्रिकोणी आकाराच्या एका लाकडी आडोशात उभे केले, आणि ऊमनी पंख उचलून धरला. पिसे उपटीत नाहीत. पंखातले पीस वाढत असते तोवर त्याच्या दांडीत रक्त वाहते. ते पिकले म्हणजे रक्त ओसरते, आणि तेवढ्या निर्जीव भागातच कातर चालवावयाची असते. ऊम प्रत्येक पिसाच्या मुळाशी अंगठ्याने चाचपून पाहत, एकाला कातर लावीत, दुसऱ्याला सोडून देत. मागे राहिलेला खुंट सुमारे दोन महिन्यांनी वाळला की काढून घेतात, म्हणजे नवे पीस सरळ येते. त्यांनी माझा अंगठा धरून एका दांडीवर टेकविला. ती किंचित उबदार होती. मान हलवून ‘नाही’ म्हणाले. पुढच्या दांडीवर ठेवला. ती गवताच्या काडीसारखी थंड होती. मग कातर माझ्या हाती दिली. मी कापलेले ते एक पांढरे पीस पक्ष्याला कळलेही नाही.

या पिसाचे वैशिष्ट्य असे, की त्याची दांडी बरोबर मध्यातून जाते आणि दोन्ही बाजूंचे तंतू समान असतात. उडणाऱ्या पक्ष्यांच्या पिसांत एक बाजू अरुंद व एक रुंद असते, कारण त्यांना वारा कापावयाचा असतो. शहामृगाला तो कापावयाचा नाही. प्राचीन मिसरी लोकांनी न्यायाची आणि सत्याची देवता जी मात, तिच्या मस्तकी हेच पीस दिले, आणि मृताचे हृदय तराजूच्या एका पारड्यात ठेवून दुसऱ्यात तिचे पीस ठेवल्याची चित्रे रंगविली.

युरोप-अमेरिकेतल्या स्त्रियांनी मात्र ते टोपीत खोवले, आणि त्या टोपीने आउट्सहूर्नचे भाग्य उघडले. १८८० च्या सुमारास पहिली तेजी आली, काही वर्षांतच ओसरली. नंतर विसाव्या शतकाच्या आरंभी आली ती दुसरी, अधिक मोठी. सोने, हिरे आणि लोकर यांच्या खालोखाल शहामृगाचे पीस हा दक्षिण आफ्रिकेच्या निर्यातीतला चौथा जिन्नस झाला. १९१३ साली दहा लाख पौंडांहून अधिक वजनाची पिसे परदेशी गेली, त्यांची किंमत तीस लाख पौंडांच्या घरात होती, आणि पाळीव शहामृगांची संख्या साडेसात लाखांवर पोहोचली होती. स्पर्धक निर्माण होऊ नयेत म्हणून १९०७ साली जिवंत शहामृग व अंडी देशाबाहेर नेण्यास कायद्याने बंदी झाली, आणि दाट तंतूंच्या दुहेरी पिसाचा बर्बर जातीचा पक्षी मिळविण्यासाठी १९११ साली सरकारने रसेल थॉर्नटन याच्या हाताखाली एक तुकडी गुप्तपणे उत्तर नायजेरियाकडे पाठविली. लिथुआनियातून छळाला कंटाळून आलेल्या ज्यू कुटुंबांनी पिसांची खरेदी-विक्री हाती घेतली. त्यांची वस्ती इतकी वाढली की या गावाला आफ्रिकेतले जेरुसलेम म्हणू लागले. मॅक्स रोझ हा त्यांच्यातला सर्वांत नामांकित व्यापारी. ज्यांच्याकडे पैसा आला त्यांनी स्थानिक वालुकाश्माच्या, मनोरे आणि नक्षीदार लोखंडी सज्जे असलेल्या हवेल्या उठविल्या. त्यांना आजही पिसांचे महाल म्हणतात.

शनिवारी दुपारी माझ्या जोडीदाराने मला त्यांपैकी काही दाखविले. इमारती देखण्या आहेत, आणि मी ते मोकळ्या मनाने मान्य करते. परंतु सकाळभर मी जे अंगठे पाहिले होते, ज्यांना पीस पिकले की नाही हे डोळे मिटून कळते, त्या अंगठ्यांच्या धन्यांपैकी एकाचेही नाव तेथल्या कोणत्याही कोनशिलेवर नाही. पक्षी पकडणारे, पिल्ले सांभाळणारे, पिसे कापणारे हे सगळे ऊमच्या समाजातले लोक. त्यांच्या पणजोबांनीही हेच काम केले. ही संपत्ती कोणाच्या हातांतून गेली याचा पुरावा गावात शोधायचा असेल तर तो ब्रिज्टनमधल्या ओसऱ्यांवर बसलेला सापडेल, हे मला या लेखात लिहून ठेवावयाचे आहे.

१९१४ साली सारे कोसळले. महायुद्धाने बाजार बंद केले, उघड्या मोटारीत बसून जाणाऱ्या स्त्रियांना रुंद काठाच्या, पिसे लावलेल्या टोप्या गैरसोयीच्या वाटू लागल्या, आणि माल तर गरजेहून कितीतरी अधिक तयार झाला होता. पिसांसाठी पक्षी मारू नयेत म्हणून इंग्लंडात ज्या स्त्रियांनी चळवळ उभारली होती त्यांनी शहामृगाचे पीस आपल्या बहिष्कारातून वगळले होते, कारण त्यासाठी पक्ष्याला मरावे लागत नाही. तरीही फॅशन पालटली ती पालटलीच. शेते गहाण पडली, घराण्यांचे दिवाळे निघाले, आणि खायला घालणे परवडेना म्हणून शहामृगांचे कळप मारले गेले. धंदा पुन्हा उभा राहिला तो १९४५ साली शेतकऱ्यांची सहकारी संस्था स्थापन झाल्यावर, आणि तोही दुसऱ्या पायावर. आता मुख्य मिळकत कातड्याची व मांसाची. मुळातून पिसे काढलेल्या जागी जे उंचवटे राहतात त्यांमुळे या कातड्याला ठिपक्यांची शोभा येते, आणि मांस तांबडे, कमी चरबीचे म्हणून युरोपात विकले जाते. पिसे आज उत्सवांतल्या पोशाखांसाठी, झटकण्यांसाठी, आणि मोटारीच्या पत्र्याला रंग चढविण्यापूर्वी त्यावरची बारीक धूळ टिपण्यासाठी लागतात. बहुतेक पक्षी वर्षसव्वावर्षाचे झाले की कत्तलखान्यात जातात. माझ्या घरात माळ आहे. मी मांस खात नाही. ही गोष्ट मला जड गेली आणि मी ती ऊमपासून लपविली नाही. ते म्हणाले, ‘मी त्यांना अंड्यातून बाहेर काढतो आणि मीच गाडीत चढवितो. दोन्ही वेळा त्यांच्या अंगावर हात ठेवतो.’

रविवारी देवळातून, म्हणजे त्यांच्या चर्चमधून, परतल्यावर जेवण होते. तानींनी, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी, आपल्या मुलाला आधीच फोनवर विचारून ठेवले होते की मुलगी काय खाते. टेबलावर इतरांसाठी भाजलेली कोंबडी होती. माझ्यासाठी दालचिनी घातलेला लाल भोपळा, फरसबी, आणि बेदाणे घातलेला पिवळा भात. भाताच्या रंगाकडे पाहून मी विचारले, तर त्यांनी कपाटातून एक लहान बरणी काढून झाकण उघडले. हळद! आफ्रिकान्समध्ये तिला ‘बोरी’ म्हणतात, मलायातून आलेल्या माणसांनी दिलेला शब्द. आणि शेजारच्या बरणीत होते त्याला ‘अत्चार’ म्हणतात, ज्याची फोड करण्याची गरज नाही. गुलाम म्हणून जहाजात कोंबून आणलेल्या बायकांनी स्वयंपाकघरात जे जपून ठेवले ते तीनशे वर्षांनी मला त्या टेबलावर वाढले गेले. सर्वांनी एकमेकांचे हात धरले, डोळे मिटले, आणि ऊमनी अन्नदात्याचे आभार मानले. माझा एक हात तानींच्या हातात होता. त्यांच्या बोटांची टोके गुळगुळीत झालेली आहेत.

त्याचे कारण त्यांनी जेवणानंतर दाखविले. त्या तीस वर्षे पिसांच्या कारखान्यात निवडणीच्या टेबलाशी बसल्या. मी कापलेले पीस ऊमनी मला देऊन टाकले होते. ते त्यांनी उजेडात धरले, दांडी दोन बोटांत फिरविली, तंतूंवरून अंगठा नेला, आणि प्रत सांगितली. नराच्या पंखाची पांढरी पिसे सर्वांत वरची. मादीच्या पंखांतली करड्या छटेची ती ‘फेमिना’. काळ्या-पांढऱ्याचा मेळ असलेली ती ‘बायॉक’. शेपटीची ती ‘बू’. आणि पिल्लाच्या पहिल्या कापणीची, टोकाला निमुळती असतात ती ‘स्पॅडोना’. लांबी, रुंदी, तंतूंची दाटी, टोकाचा झोक, तुकतुकी, एवढे सगळे पाहून प्रत्येक पिसाला त्याच्या ढिगात टाकावयाचे, आणि तेही क्षणभरात. माझ्या पिसाचे कापलेले टोक त्यांनी पुन्हा पाहिले आणि नवऱ्याकडे वळून काही म्हणाल्या. ‘अगदी योग्य जागी कापले आहे,’ असे ते होते.

संध्याकाळी ओसरीवर ऊम आपण होऊन बोलू लागले, आणि ते बोलणे २०११ सालचे होते. त्या वर्षी कारूत शहामृगांना पक्ष्यांच्या तापाची लागण झाली, युरोपने मांस घेणे थांबविले, आणि रोग पसरू नये म्हणून सरकारी हुकुमाने हजारो पक्षी मारावे लागले. ज्या शेतावर ते तेव्हा होते तेथे संध्याकाळी हजेरी घेण्यासारखे काही उरले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सवयीने लसूणघास कापून गाडी भरून घेऊन गेले, आणि कुंपणापाशी उभे राहिल्यावर आठवले की खायला कोणी नाही. त्यांच्या मुलानेही ही गोष्ट पूर्वी ऐकलेली नव्हती.

तेव्हा मीही माझ्याजवळ होते ते सांगितले. चाळीसगावपासून काही कोसांवर, डोंगराच्या पायथ्याशी पाटणे नावाचे गाव आहे. पाटणादेवीचे देऊळ आणि भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख यांसाठी ते आम्हाला ठाऊक. परंतु १९७२-७३ साली पुरातत्त्ववेत्ते शं. अ. साळी यांनी तेथे उत्खनन केले तेव्हा अश्मयुगाच्या थरांत शहामृगाच्या अंड्यांची कवचे, त्यांचे मणी, आणि एका तुकड्यावर कोरलेली आडव्यातिडव्या रेघांची नक्षी सापडली. काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. भारतात इतरत्र मिळालेल्या अशा कवचांतील जनुकद्रव्य हैदराबादच्या प्रयोगशाळेत तपासले गेले, आणि ते आफ्रिकेतल्या शहामृगाशीच जुळते असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. इकडे केप प्रांताच्या पश्चिमेस डीपक्लूफच्या गुहेत कोरीव कवचे मिळाली आहेत ती साठ हजार वर्षांपूर्वीची, आणि त्यांवरही रेघांचीच नक्षी आहे. मी कागदावर पाटण्याची नक्षी काढून दाखविली: दोन समांतर रेघा, आणि मध्ये एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा.

ऊमनी तो कागद बराच वेळ पाहिला. मग ते आत गेले आणि तंबाखूचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. लसूणघासाची जमीन नांगरताना वर्षानुवर्षांत त्यांना सापडलेले कवचाचे मणी त्यात होते, मसुराच्या डाळीएवढे, मध्ये भोक पाडलेले, काही काळवंडलेले. ज्यांनी ते केले त्या सान लोकांचे रक्त आपल्यात आहे, असे त्यांच्या आजीने त्यांना सांगितले होते. त्यांनी डबा माझ्या ओंजळीत ओतला. मग विचारले, ‘तुमच्याकडे होते, ते पक्षी कोठे गेले?’ मी म्हटले, ‘नाहीसे झाले, ऊम. मनुष्याने नक्षी काढली, आणि नंतर केव्हातरी ते नाहीसे झाले.’ त्यांनी मान हलविली, आणि मणी एकेक मोजून पुन्हा डब्यात ठेवले.

‘त्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात, माय किंट?’ त्यांनी थोड्या वेळाने विचारले. माय किंट म्हणजे माझे लेकरू. त्या घरात मला कोणीतरी नाव सोडून हाक मारली ती हीच पहिली.

मी सांगितले. त्यांनी ओठ हलवून पाहिले, पण मोठ्याने उच्चार केला नाही.

सोमवारी पहाटे आम्हाला निघावयाचे होते, आणि वाट शेतावरूनच जात होती. ऊम आधीच तेथे पोहोचले होते. धुके विरले नव्हते; फाटकाशी त्या दोन काटेरी फांद्या जेथल्या तेथे टेकलेल्या होत्या, आणि ते गाडीवरून लसूणघासाच्या पेंढ्या कुंपणापलीकडे टाकीत होते. एक काळा नर, ज्याच्या नडग्या विणीच्या हंगामामुळे लाल झाल्या होत्या, लांब टांगा टाकीत त्यांच्याकडे येऊ लागला. आफ्रिकान्स बोलणाऱ्याच्या जिभेवर शब्दाच्या शेवटचा ग घशात घासून ख होतो. ऊमनी आम्हाला पाहिले नव्हते. हात वर करून ते त्याला हाका मारीत होते, ‘ये, शहाम्रूख, ये.’